दाताखालचं शिसं

माझ्या वरच्या जबड्यातले पुढचे चार दात खोटे आहेत. ते बसवणारी डॉक्टरीण आमच्याच कराडची, वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढी. काढलेले दात चिमट्यात धरून तिने विचारलं, "आजोबा, आयुष्यभर काय चावत होतात?" मी म्हटलं, "शिसं." म्हाताऱ्या माणसाच्या बोलण्यावर हसायचं असतं तशी ती हसली आणि तिने दात टोपलीत टाकून दिले. हल्ली मला समजावून सांगायचा कंटाळा येतो.

पण या अंकाच्या संपादकांनी चिकाटी सोडली नाही. आखातातले अनुभव लिहा म्हणाले. त्यांना बहुतेक उंट, वाळू आणि सोन्याच्या बांगड्या हव्या असाव्यात. पंचाहत्तर ते नव्वद अशी पंधरा वर्षं मी बहरीनला काढली. उंटावर बसलो नाही, आणि सोनं पाहिलं ते दुकानाच्या काचेतून. मी पाहिलं ते शिसं, कथील आणि अँटिमनी. तेव्हा त्याचंच सांगतो.

आडनाव सुतार असलं तरी मी लाकडाला हात लावला तो भट्टी पेटवण्यापुरता. जहाज दुरुस्तीच्या एका वर्कशॉपात मी बेअरिंगमध्ये पांढरा धातू ओतायचो. मोठ्या इंजिनाचा पोलादी दांडा ज्या वाटीत फिरतो, त्या वाटीला आतून मऊ धातूचं अस्तर असतं. तेल कमी पडलं तर अस्तर वितळून जातं आणि दांडा वाचतो. म्हणजे मुद्दाम नुकसान व्हावं म्हणून घातलेली वस्तू. जळकं अस्तर खरवडून काढायचं, वाटी घासून लख्ख करायची, नवसागर टाकून कल्हई करायची, अगदी आपल्याकडे पितळेच्या पातेल्याला करतात तशी, आणि मग नवा धातू ओतायचा. गार झाल्यावर टिचकी मारायची. खणखणीत वाजलं तर चिकटलं. बद्द वाजलं तर पुन्हा पहिल्यापासून, आणि फोरमन अबू खलीलच्या शिव्या वेगळ्या.

धातू कोणता घ्यायचा, ही यातली खरी विद्या. दुकानातून आलेल्या लगडीवर छाप असतो, पण आमच्याकडे निम्मा माल भंगारातला. त्याच्यावर कसला छाप? तो ओळखायचा रंगावरून, आवाजावरून, नखाने ओरखडून. आणि नखाने निकाल लागला नाही तर मयेकरांना बोलवायचं.

मयेकर मालवणकडचे, माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठे. मी त्यांना मयेकरभाऊ म्हणायचो. आखातात येईपर्यंतची सगळी वर्षं त्यांची होडीत आणि जाळ्यांवर गेली. जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी लावतात. मणी उभा चिरलेला असतो. दोरी त्या चिरेत घालायची आणि मणी दाताने दाबून बंद करायचा. पक्कड असते, पण दोन्ही हात जाळ्यात अडकलेले असताना पक्कड धरणार कोण? मयेकर सहाव्या-सातव्या वर्षापासून दाताने मणी दाबत आले होते. त्यामुळे भंगारातला तुकडा तोंडात घालून ते सांगायचे, यात कथील किती, अँटिमनी आहे का, जस्ताची घाण मिसळलीय का. चावायचे, तोंडातल्या तोंडात फिरवायचे, थुंकायचे आणि निकाल द्यायचे. तुकडा पुसून खिशात टाकायची त्यांना सवय होती. मी त्यांच्याकडून ही विद्या शिकलो आणि तिचा मला फार अभिमान होता. लगडीबरोबर आलेल्या कागदात आणि मयेकरांच्या दातात फरक पडला तर अबू खलील कागद बाजूला ठेवायचा.

एकदा मुहर्रकचा एक म्हातारा नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, गोणीभर शिसं घेऊन आला. त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांच्या होडीवर होता, तिथली ही वजनं. त्याला गलबताच्या इंजिनाचं बेअरिंग या शिशाचंच हवं होतं. मयेकरांनी एक तुकडा चावला आणि मान हलवली. शुद्ध शिसं, दांड्याखाली लोण्यासारखं पसरलं असतं. म्हातारा ऐकेना. अबू खलील हात जोडून थकला. शेवटी मयेकरांनी बोटाएवढा एक तुकडा तोडला, शिसं जास्त असलेल्या आमच्या पांढऱ्या धातूच्या कढईत त्याच्या डोळ्यांदेखत टाकला आणि मला म्हणाले, "सांग तेका, आज्याचां नाव लागलां. आता बाकीचां घराक न्हे." नाखुदा रडला आणि दुसऱ्या दिवशी आमच्यासाठी परातभर मासे घेऊन आला. कुठल्या धातूला नाही म्हणायचं आणि कसं म्हणायचं, हे मला त्या दिवशी समजलं.

व्हिटकर साहेब आला तो या नाखुदाची गोष्ट ऐकूनच. तो बंदरात जहाजं तपासायचा, पन्नाशीचा, उन्हाने लाल झालेला इंग्रज. एका सकाळी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या भट्टीशी उभा राहिला. डब्यात शिशाचे वेगवेगळे तुकडे होते. मोटारीच्या चाकाला समतोलासाठी लावतात ती वजनं, जुन्या नळाचे तुकडे, कुठल्याशा छापखान्यातले झिजलेले खिळे, मासे पकडायची वजनं. हे सगळं वितळवून तो घरी रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या ओतायचा. त्याच्याकडे रीतसर परवाना होता, वाळवंटाच्या बाजूला त्यांचा नेमबाजीचा क्लब होता आणि वर्षातून एकदा त्यांची ढालीसाठी स्पर्धा व्हायची. ती ढाल त्याला कधी मिळाली नव्हती.

"माझी गोळी वाकडी जाते," तो म्हणाला. "आणि नळीत शिसं चिकटून बसतं. मी धातू अजून कडक करतो, तर अजून चिकटतं. असं का?"

मी बंदूक कधी हातात धरली नव्हती, पण प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला. नळीला आतून पिळाच्या खाचा असतात. गोळीने त्या खाचा घट्ट धरायच्या आणि फिरत बाहेर पडायचं. धातू फार मऊ असेल तर गोळी खाचांत पुसली जाते. फार कडक असेल तर ती फुगून नळीला भिडत नाही, बाजूने गरम वायू निसटतो आणि जाता जाता तिचीच कड वितळवून नळीला थापतो. बेअरिंगचं तरी वेगळं काय? दांड्याला सांभाळून घेईल इतकं मऊ, दाबाखाली टिकेल इतकं कडक. कथील घातलं की धातू पातळ वाहतो आणि साच्याचे कोपरे भरतात, अँटिमनी घातलं की टणक होतो. साहेबाने छापखान्याचे खिळे सढळ हाताने घातले होते, आणि खिळ्यात अँटिमनी भरपूर. मी त्याला हे माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला पुढचे चार दिवस तरंगल्यासारखं वाटत होतं. आमच्या वर्कशॉपात इंग्रजाने ओताऱ्याला 'का' म्हणून विचारणं रोजचं नव्हतं.

त्याने शुक्रवारी घरी बोलावलं. शुक्रवार म्हणजे आमच्या सुट्टीचा एकुलता एक दिवस, कपडे धुवायचा, पत्र लिहायचा आणि झोपायचा. मी मयेकरांना म्हटलं, चला. ते खाटेवर पडले होते.

"गोळ्ये? आणि मारतलो कोणाक?"

"कागदाला. ठिपका काढलेला कागद असतो."

"फकस्त कागदाक?"

"फक्त कागदाला, मयेकरभाऊ."

"मगे येतंय. कागदाक मारूक माझी हरकत नाय."

साहेबाचं घर जनाबियाला होतं. तेव्हा तिकडे खजुराच्या बागा आणि मधून मधून एखादा बंगला. मागच्या बाजूला मोटारीच्या शेडमध्ये त्याने स्टोव्ह, कढई आणि दोन गोळ्यांचा लोखंडी साचा मांडला होता. गोळ्या ओतून झाल्या की तो क्लबवर जाऊन वाळूच्या ढिगात मारायचा, मग ती वाळू चाळून गोळ्या परत आणायचा. आम्ही त्या धुऊन वर्तमानपत्रावर मांडायचो आणि अंगावरच्या खाचांचे ठसे बघायचो. ठसा स्पष्ट आणि कडा शाबूत म्हणजे धातू बरोबर. ठसा पुसट असला तर मऊ. एका बाजूने चाटल्यासारखी कड दिसली तर कडक. माझ्या कामात इतकं सरळ उत्तर कधी मिळायचं नाही. बेअरिंग चुकलं तर सहा महिन्यांनी समुद्रात कळतं, गोळी चुकली तर दुसऱ्या शुक्रवारी.

मयेकर स्टुलावर बसून प्रत्येक मिश्रणाचा नमुना चावायचे.

"ह्यां नुसतां शिसां आसा. जाळ्याक बरां, हेच्या कामाचां नाय."

"ह्यात कथील हा, पण खडखडीत झालां. दात सरकता वरसून."

मी त्याचं इंग्रजी करून सांगायचो आणि साहेब वहीत लिहायचा. चाकाची वजनं मूळ धरायची, शुद्ध शिसं घालून थोडी मऊ करायची, वर किंचित कथील, असा आमचा रस्ता ठरत गेला. बॅटरीच्या पट्ट्या साहेबाने एकदा आणल्या, त्या मयेकरांनी हातसुद्धा न लावता परत पाठवल्या. त्यांचा धूर वाईट, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बाकी धूर चांगला असतो अशी आमची समजूत होती की काय, कोण जाणे. कढईशेजारीच आमचे चहाचे कप असायचे.

मनाम्याला एका जुन्या इमारतीत आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. माझी खाट मयेकरांच्या खाटेला लागून. त्यांच्या उशाशी खिडकीच्या कठड्यावर मिश्रीची पिवळी डबी असायची. आमच्याकडे काय आणि कोकणात काय, बायका-पुरुष तंबाखू जाळून तिची काळी पूड सकाळी हिरड्यांना घासत बसतात, हे वाचकांना सांगायला नको. पहिल्या वर्षी त्यांच्या मिश्रीच्या वासाने मला मळमळायचं. मग सवय झाली आणि मी लक्ष देणं सोडलं.

त्या साली मयेकर फार थकायला लागले होते. कामावरून आले की हातपाय न धुता पडायचे. पोटात कळ यायची, ती आली की गुडघे पोटाशी घेऊन तोंडातून आवाज न काढता बसून राहायचे. मी म्हणायचो, कॅन्टीनचं तेल बाधतंय. ते म्हणायचे, "वय झालां रे." थकलेले तर आम्ही सगळेच होतो. ऑगस्टमध्ये भट्टीपुढे दहा तास उभं राहिल्यावर कोण ताजातवाना असतो? सहा जणांच्या खोलीत एखादा जास्त थकलेला असला तर ते दिसत नाही.

सातवं मिश्रण जमलं. ठसे असे आले की साहेबाने ती गोळी खिडकीत उजेडाला धरली आणि बायकोला हाक मारली. या मिश्रणाला त्याने वहीत 'मयेकर नंबर सात' असं नाव दिलं. स्पर्धेला दोन महिने होते. तेवढ्यात भरपूर गोळ्या ओतायच्या होत्या आणि प्रत्येक कढईचा धातू मयेकरांच्या दाताखालून जायला हवा होता, कारण भंगार रोज सारखं नसतं.

त्याच दिवशी साहेबाच्या मॅडमने आम्हाला चहाला आत बसवलं. त्या आधी तिकडे विलायतेत नर्स होत्या. मयेकरांना केक फार आवडला आणि ते मोकळेपणी हसले. मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग उठून जवळ आल्या, खाली वाकल्या आणि मला म्हणाल्या, "यांच्या हिरडीवर दातांच्या कडेने काळी-निळी रेघ आहे. ती कधीपासून आहे? पोट दुखतं का यांचं? यांचं रक्त तपासायला हवं."

मी हसलो. लिहिताना हात थांबतो, पण मी हसलो हे खरं आहे.

"मॅडम, ती मिश्री. तंबाखूची पूड. आमच्याकडे सगळ्यांच्या हिरड्या अशाच असतात. यांची डबी खोलीत आहे, रोज घासतात."

"नक्की?"

"मी शेजारीच झोपतो, मॅडम."

मयेकरांना इंग्रजी बेतास बात. त्यांनी विचारलं, "बाई काय म्हणता?"

"हिरड्या काळ्या का, विचारतायत. मी म्हटलं, मिश्री."

मयेकर माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. मग कपाकडे बघून म्हणाले, "होय. मिश्री." आणि चहा प्यायले. मॅडमने आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि विषय सोडला. आमच्या तोंडातलं आमच्याइतकं त्यांना कुठून कळणार, असं मला वाटलं, आणि या विचाराने मी थोडा सुखावलोसुद्धा.

आता इतक्या वर्षांनी स्वतःला कोपऱ्यात घेऊन विचारतो, की मला खरंच मिश्री वाटली का? वाटली. पण पोटाचं विचारल्यावर मी उत्तर दिलं नाही, हेही आठवतं. रक्त तपासलं आणि काही निघालं तर कंपनीचा डॉक्टर अनफिटचा शिक्का मारतो आणि आठवड्यात माणूस विमानात बसतो, हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आणि नंबर सात नुकताच जमला होता. यातलं किती माझ्या डोक्यात त्या वेळी होतं ते मला सांगता येत नाही, पण काहीच नव्हतं असं म्हणवत नाही.

ढाल साहेबाला मिळाली. क्लबमधला फोटो त्याने वर्कशॉपात आणून दाखवला, अबू खलीलसमोर मयेकरांचा हात धरून हलवला. तो हात तेव्हाच ढिला लागला असेल, पण साहेब आनंदात होता.

पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर एका टगबोटीचं बेअरिंग ओतत होतो. मी वाटी धरली होती, मयेकर पळी घेऊन आले. पळी उचलली आणि त्यांचं उजवं मनगट खाली पडलं. याला दुसरा शब्द नाही. हात कोपरापर्यंत वर होता आणि पंजा ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. धातू जमिनीवर पसरला, नशिबाने कुणाच्या पायावर गेला नाही. मयेकर लोंबणाऱ्या पंजाकडे बघत म्हणाले, "गणपत, ह्यो माझो हात नाय."

अबू खलील धावत आला. "यल्ला, हॉस्पिटल, जल्दी," म्हणाला आणि स्वतःच्या गाडीत त्यांना घातलं. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. रक्तात शिसं निघालं, भरपूर. धुराचं, हात न धुता खाल्ल्याचं, आणि दातांचं. डॉक्टरांनी विचारलं, हिरडीवरची ही रेघ कुणाच्या लक्षात आली नाही का? व्हिटकर मॅडम भेटायला आल्या होत्या, त्या खाटेच्या पलीकडे उभ्या होत्या. बाहेर पडताना मला एवढंच म्हणाल्या, "तू म्हणालास, रोज घासतात." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

व्हिसा खलास झाला. दोन आठवड्यांत मयेकर मालवणला परत गेले. साहेबाने त्यानंतर घरी गोळी ओतली नाही, दुकानातल्या घ्यायला लागला. स्टोव्ह, साचा आणि वही त्याने मला देऊ केली. मी नाही म्हटलं. आमचंही रक्त तपासलं, माझ्यात निघालं ते थोडं, चालवून घेण्याइतकं. आणि मयेकर गेल्यावर भंगार चावायचं काम माझ्याकडे आलं. पुढे कंपनीने कडकपणा मोजायचं यंत्र आणलं, पण ते येईपर्यंत मी चावत राहिलो. शहाण्या माणसाने तसं केलं नसतं. पण कधी कधी वाटायचं, माझ्याही हिरडीवर ती रेघ उमटू दे आणि कुणी तरी मला विचारू दे.

दोन वर्षांनी रजेवर आलो तेव्हा मालवणला गेलो. त्यांचं घर खाडीच्या कडेला. मयेकर पडवीत बसले होते, उजवा हात मांडीवर पालथा. बोटं थोडी हलायची, पण जाळं विणायची सुई धरता येत नव्हती. वहिनी शेजारी बसून जाळ्याला शिशाचे मणी लावत होत्या, पक्कड घेऊन. "दात लावूक देत नाय माका," त्या म्हणाल्या. मी आणलेला खजूर त्यांनी देवापुढे ठेवला आणि मला भाकरी वाढली.

मला बोलायचं होतं. दोन वर्षं घोकत आलो होतो. भाकरी खाता खाता मी म्हटलं, "मयेकरभाऊ, त्या मॅडमला मी मिश्री सांगितलं. तिथेच चुकलं. मिश्रीमुळे हिरडी काळी दिसली, नाहीतर मला कळलं असतं."

वहिनींनी पक्कड खाली ठेवली. "मिश्री? मिश्री खय आता? सासू गेल्यार बाराव्याक तेंच्या नावान सोडल्यांनी ती. तुमच्या त्या साहेबाच्या खूप आदी. दोन वर्सां तरी आदी."

घास माझ्या हातात राहिला. आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावाने आवडीची वस्तू सोडतात, माझ्या वडिलांच्या नावाने मी वांगं सोडलंय. आई गेली तेव्हा मयेकर महिनाभर घरी जाऊन परतले होते, हे मला आठवत होतं. त्यानंतर मॅडमने विचारेपर्यंत दोन वर्षं त्यांची खाट माझ्या खाटेला लागून होती. सकाळी ते खिडकीशी बसत नव्हते. खोलीला वास येत नव्हता. लगडीत जस्त किती हे ओळखणाऱ्या मला शेजारच्या माणसाने रोजची सवय सोडलेली कळली नव्हती.

मयेकर हसत होते. "अगो, गणपताक सगळां म्हायत होतां," ते बायकोला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू बाईक मिश्री म्हणान सांगितलंस, तेव्हाच माका कळलां. माझ्या पोटात कायतरी वाईट हा, तां तुका दिसलां होतां. म्हटलंय, गणपतान माका वाचवल्यान. नायतर दुसऱ्याच आठवड्यात घराक धाडल्यांनी असतो. एक वरस जास्ती काडलंय मी तुझ्यामुळा. त्या वर्साच्या पगारात ह्या घरावर कौलां चढली."

मी वर बघितलं. कौलं नवी होती.

त्यांना वाटत होतं की मी जाणूनबुजून खोटं बोललो, त्यांच्यासाठी. तोंडाशी आलं होतं की नाही हो, मी पाहिलंच नव्हतं. एवढं बोलायला किती श्वास लागतो? पण त्यांचा चेहरा इतका समाधानी होता, आणि मी इतका थकलो होतो, की मी मान हलवली. होय म्हणालो. मयेकर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना जे सांगितलं नाही ते इथे लिहिलं, दुसरी जागा मला उरलेली नाही.

निघताना त्यांनी डाव्या हाताने फळीवरून ती पिवळी डबी काढली. तीच, खिडकीतली. झाकण उघडून माझ्यापुढे धरली. आत शिशाचे तुकडे होते, नखाएवढे, प्रत्येकावर त्यांच्या दातांचे ठसे. खिशात टाकलेले सगळे नमुने त्यांनी या डबीत जपून ठेवले होते, उशाशी. साहेबाचा नंबर सात त्यातच कुठेतरी होता.

"घे, तुका ठेवलंय," ते म्हणाले आणि डोळा मारला. "वास घेवन बघ. मिश्रीचो वास येता काय?"

मी डबी नाकाला लावली. शिशाला वास नसतो. तरी मी ती बराच वेळ तशीच धरून उभा राहिलो, कारण खाली घेतली असती तर मला त्यांच्याकडे बघावं लागलं असतं.